मारीच्या टोपीवरचा डाग

९ नोव्हें., रविवार

सगळ्यांत आधी कोण आलं, तर बेबीवन्स. पाहुण्यांचा पत्ता नाही, भाकरीचा तवा तापला नाही, आणि आमची नणंद दारात हजर. जरीची साडी, डोक्यात गजरा. म्हटलं, "वन्स, तुमाला बघायला कोण येतंय?" तर म्हणते, "मी आपली सहज आले गो वयनी." सहज! त्यांच्या घरापासून आमच्या दारापर्यंत यायला एरवी चार निरोप लागतात.

मग अकराला गाडी आली. आमच्या नातीच्या, सायलीच्या, न्हावाशेवा बंदरातल्या ऑफिसातला साहेब, लुक, आणि त्याची आई. दोघं फ्रान्सची. आई दोन महिने लेकाकडे राहायला आलीय. तिला म्हणे इमारती नाही बघायच्या, मासळीवाल्या बायका बघायच्या आहेत. मग सायलीनं सांगितलं, माझी आजी कोळीण आहे, आई अजून बाजारात बसते, चला घरी.

नाव इवॉन. मी म्हटलं इवॉनबाय, ती मला हिराबाई म्हणायला शिकली. अडुसष्ट वर्षांची. बुटकी, रुंद, केस पांढरे आणि कापलेले, पायात साधी चप्पल. मी नवी खुर्ची पुसून ठेवली होती. ती सरळ खाली बसली. खुर्चीवर बेबीवन्स बसल्या.

बोलणं असं. ती तिच्या भाषेत बोलते, लुक इंग्रजीत सांगतो, सायली आमच्या भाषेत सांगते. म्हणजे गोष्ट दोन खाड्या ओलांडून माझ्याकडे येते. वाटेत किती सांडते देव जाणे.

आज तारली आणली होती सूनबाईनं, कुंदानं, ताजी, डोळे चकाकणारी. इवॉनबायनं टोपलीत बघितलं आणि हसली अशी, जशी ओळखीची माणसं भेटली. म्हणाली, मी कापू का? मी कुंदाची नवी मोरळी, मासे कापायची विळी, पुढे केली. माझ्या आयची दिली नाही. ती कुणालाच देत नाही मी, कुंदालाही नाही. पण तिला मोरळीच्या पाटावर बसून कापायची सवय कुठली. तिनं सुरी मागितली. आणि मग काय सांगू! एक घाव, एक झटका, डोकं आणि आतलं सगळं एकदम बाहेर. टक, टक, टक. मी पन्नास वर्षं तारली कापतेय, मला आधी डोकं, मग पोट. हिचं एकातच दोन्ही. बेबीवन्स खुर्चीवरून उठून बघायला आल्या.

विचारलं कुठं शिकलीस? म्हणाली, माझ्या आजीकडून. तिचा जन्म सगळा तारलीत गेला.

कालवण दोनदा घेतलं. तिखटानं नाक वाहत होतं तरी घेतलं. मला आवडली बाई.


१० नोव्हें., सोम.

बेबीवन्स सकाळी परत. सगळ्या आळीत सांगून आल्या की परदेशी बाईनं आपल्याला खुर्ची दिली. जाऊ दे.

कुंदा बाजारातून आली आणि न बोलता सुरी घेऊन इवॉनबायसारखं कापायला बसली. चार माशांचा चेंदा. मग हसली. कुंदा सहसा हसत नाही, म्हणून लिहून ठेवते.


१६ नोव्हें., रवि.

आज परत आली दोघं. बिस्किटाचा गोल डबा घेऊन. मला वाटलं खाऊ. आत एक फोटो आणि एक टोपी.

फोटोत बायकाच बायका. हातात हात अडकवून, रस्त्याची सगळी रुंदी अडवून चालल्यात. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या छोट्या टोप्या, पायात लाकडाचे जोडे. दुसऱ्या ओळीत एक पोरगी, तोंड उघडं, गात असावी. ती मारी. इवॉनबायची आजी. तेव्हा चौदा वर्षांची. सन एकोणीसशे चोवीस.

गोष्ट अशी. (सायली म्हणाली आजी, नीट लिही. लिहिते. डायरी तिनंच दिली मला, ऑफिसची, वर बोटीचं चित्र. दुसरी शिकलेल्या बाईनं एवढं लिहायचं म्हणजे बोटं दुखतात.)

त्यांचं गाव फ्रान्सच्या पार पश्चिमेला, समुद्रात घुसलेलं. पुरुष होड्या घेऊन तारलीला जायचे. बायका कारखान्यात. मासा कापायचा, तळायचा, डब्यात घालायचा. होड्या आल्या की कारखान्याचं बोलावणं. मग दिवस असो की रात्र, मासा संपेपर्यंत उठायचं नाही. मासा थांबत नाही ना. हे मला सांगायला नको. झोप येऊ नये म्हणून सगळ्या मिळून गायच्या. मारी बारा वर्षांची असताना लागली. शेजारी तिची आई, समोर तिची आजी.

मजुरी तासावर, आणि तीही एवढीशी. आणि सगळ्यांत वाईट काय, तर होड्या यायच्या आधी बोलावून बसवून ठेवायचे. होडी उशिरा आली की ते तास गेले. वाट बघायचे काही नाही.

मी म्हटलं, थांब गो. हे परत सांग. आणि तिनं परत सांगितलं.

मी बंदरावर किती बसले असेन? लग्न झाल्यापासून. रिकामी पाटी शेजारी, ऊन डोक्यावर, सासू म्हणायची, येतील गो, येतील. कधी होडी दुपारी, कधी संध्याकाळी, कधी आलीच तर रिकामी. घरी आलं की तीच सासू इतरांना सांगायची, "दिवसभर बसलीच तर व्हती." बसलीच तर व्हती. ते मी आज पहिल्यांदा लिहिलं.

तर त्या नोव्हेंबरात (त्यांचाही नोव्हेंबरच होता) एका कारखान्यातल्या बायका मालकाकडे गेल्या, थोडं वाढवून द्या. मालक बोलायलाही बाहेर आला नाही. त्यांनी एप्रन काढून ठेवले आणि बाहेर आल्या. चार दिवसांत गावातले सगळे कारखाने बंद. नवऱ्यांनी होड्या ओढून ठेवल्या, बायका नाहीत तर मासा कुणासाठी आणायचा? सगळ्या गावाचं एकच जेवण, मोठ्या टोपात रस्सा. रोज सकाळी हातात हात घालून गावभर फिरायच्या. मारी सांगायची म्हणे, दगडी रस्त्यावर लाकडी जोड्यांचा असा आवाज, की मालकांच्या खिडक्या वाजायच्या.

बेबीवन्स म्हणाल्या, "आणि घरची कामं कोण करीत व्हतं?" इवॉनबाय हसली. म्हणाली, आजोबा पहिल्यांदा तेव्हा स्वयंपाक शिकले.

सहा आठवडे! नाताळ गेला, नवं साल लागलं, तरी मागे हटल्या नाहीत. मग मिळालं. मागितलं होतं तेवढं पुरं नाही, पण मिळालं. तासाचे पैसे वाढवून मिळाले, रात्रीचे वेगळे. आणि वाट बघायचा वेळही मजुरीत धरायचा, हे कागदावर लिहून घेतलं. कागदावर!

मी तर टाळ्याच वाजवल्या. कुंदानंही.

टोपी मारीची. बारीक जाळीची, तळव्यात मावेल एवढी. पिवळी पडलेली. कानाच्या वरच्या बाजूला अंगठ्याएवढा तेलकट डाग. इवॉनबाय त्या डागावर बोट ठेवून काहीतरी लांबलचक बोलत होती, तेवढ्यात बेबीवन्सनी मध्येच विचारलं, "हिला कसर लागू नये म्हणून काय घालता? कापूर का?" सायलीनं मग कापराचंच भाषांतर केलं. डागाचं राहून गेलं. मला तेव्हा काही वाटलं नाही. गोष्टीनंच डोकं भरलं होतं.


१७ नोव्हें., सोम.

सायलीनं फोनमध्ये बघून सांगितलं. त्याच वर्षी फ्रान्सच्या राजधानीत, पॅरिसला, जगातली मोठी खेळांची स्पर्धा झाली. उन्हाळ्यात. देशोदेशीचे धावपटू आले, पेपरात फोटो, बक्षिसं.

म्हटलं, तिकडे ती माणसं धावली, आणि इकडे ह्या बायका उभ्या राहिल्या. मला विचारशील तर उभं राहणं जड.

अजून एक. त्या गावचा नगराध्यक्ष बायकांच्या बाजूचा होता. पुढे चालायचा. वर्षाच्या पहिल्या दिवशी संप फोडायला आणलेल्या लोकांनी त्याच्यावर गोळी झाडली. गळ्यात लागली. जगला. पण आवाज गेला तो गेला, पहिल्यासारखा कधी आला नाही. असा नगराध्यक्ष. मी सायलीला म्हटलं, बघ, आवाज बायकांना दिला आणि स्वतःचा घालवला.

आणि पुढल्या साली त्या कामगार बायकांतली एक निवडून आली नगरपालिकेत. तेव्हा तिकडे बायकांना मतच नव्हतं! मत नाही आणि तरी निवडून! मग कोर्टानं रद्द केलं. केलं तर केलं. निवडून तर आली ना.


२० नोव्हें., गुरु.

इवॉनबाय आणि लुक उद्या गोव्याला जाणार, गाडीनं, कर्नाळ्यावरून. दहा-बारा दिवस. आज निरोप घ्यायला आली.

मी भीत भीत विचारलं, ही टोपी एकदा बाजारातल्या बायकांना दाखवायला नेली असती. फक्त दाखवायला.

लुक काहीतरी म्हणाला, बहुतेक नको म्हणाला. इवॉनबायनं त्याच्याकडे बघितलंही नाही. डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. दोन्ही हातांनी माझे हात धरले. सायली म्हणाली, "आजी, त्या म्हणतात, परत येईपर्यंत तुमच्याकडे राहू दे. मासळीवाल्या बायकांमध्ये ती शंभर वर्षांनी जातेय. तिला आवडेल."

शंभर वर्षांची वस्तू. भेटून बारा दिवस झालेल्या बाईच्या हातात. मी अशी दिली असती का? माझ्या आयची मोरळी मी तिला अर्ध्या तासासाठी दिली नाही.


२२ नोव्हें., शनि.

सकाळी डबा उघडला. उन्हात बघितली तर काय, किती पिवळी. घड्यांत काळं बसलेलं. तो डाग तर लांबूनही दिसतो. उद्या बाजारात न्यायची, आणि परत द्यायची तर अशी?

आयनं वळण लावलं होतं आम्हा बहिणींना. दुसऱ्याची वस्तू आली तशी परत जात नाही. भांडं आलं तर रिकामं जात नाही, लुगडं आलं तर मळकं जात नाही. लग्नाला मागून आणलेलं लुगडं आम्ही धुऊन, खळ देऊन, घडी मोडणार नाही असं परत करायचो. त्याशिवाय लोक दुसऱ्यांदा देत नाहीत.

रिठे गरम पाण्यात भिजवले. साबण लावला नाही, जुन्या कापडाला साबण खातो. कोमट पाण्यात हलके हलके, लेकराला न्हाऊ घालतात तशी. डागावर लिंबू आणि मीठ, उन्हात ठेवून. दोनदा केलं तेव्हा गेला. कुंदा म्हणाली, "आय, राहू द्या ना, परक्याची हाय." म्हटलं, परक्याची म्हणूनच.

दुपारी बघितली. पांढरीशुभ्र. चिखलात उतरलेल्या बगळ्यासारखी. मऊ पडली थोडी, पण पांढरी. मन असं भरून आलं.


२३ नोव्हें., रवि.

आज बाजारात काय मजा!

कुंदाच्या शेजारी फळी टाकून बसले. किती वर्षांनी. डबा मांडीवर. एक एक बाई आली. शेजारच्या फळीवरच्या शकूनं हात पदराला तीनदा पुसले मग वाकून बघितली. "ही घालून मासं कापायच्या?" म्हटलं, मग! आणि गायच्यासुद्धा. "मावशे, तू घाल गो, दुसरा दादला भेटंल." सगळ्या खिदळल्या.

गोष्ट सांगितली. गिऱ्हाईक येत होतं, मी थांबत होते, परत सांगत होते. एक बाई बोंबलाचा भाव पाडून मागत होती, तर शकू म्हणते, "ताई, आज भाव कमी नाय व्हनार. आज आमी फ्रान्समधी हाव." ती बाई गोंधळून घेऊनच गेली.

वाट बघायचा वेळ धरला, हे सांगितलं तेव्हा मात्र सगळ्या जवळ सरकल्या. मग शकू हळूच म्हणाली, "मावशे, मग माझ्या दादल्यानं मला बंगला बांधून द्यायला पायजे." परत हसू. पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मी बघितलं. तिचा नवरा बोटीवर जातो, परदेशी. आठ-आठ महिने.

शेवटी त्या सगळ्यांचा फोटो काढला कुंदाच्या फोननं. हातात हात घालून. मध्ये मी, हातात टोपी.


२३ नोव्हें., संध्याकाळ

वर लिहिलं ते खरं. पण आता हेही लिहायलाच पाहिजे.

सायली मैत्रिणीकडून आली. फोटो बघितला, हसली, फोटो मोठा केला. मग तिचा चेहरा. "आजी. डाग कुठे गेला?"

म्हटलं, काढला. लिंबू लावून.

ती खाली बसली. त्या दिवशी कापराच्या वेळी जे राहिलं होतं ते इवॉनबायनं तिला निघताना गाडीपाशी सांगितलं होतं. सायली म्हणते मी तुला सांगणार होते, राहिलं.

तो डाग मारीच्या अंगठ्याचा. संप मिटला, बायका परत कामाला गेल्या. पहिल्या दिवशी पहिली टोपली आली, मारीनं पहिली तारली कापली, आणि टोपी डोळ्यांवर घसरली म्हणून हातानं मागे सारली. तेलाचा अंगठा उमटला. घरी आल्यावर आईनं धुवायला मागितली तर मारीनं दिली नाही. म्हणाली, हा जिंकल्यानंतरचा पहिला मासा आहे. मग जन्मभर दिली नाही. तिच्या लेकीनंही धुतली नाही. इवॉनबायनंही नाही.

शंभर वर्षं तीन बायकांनी धुतली नाही, ती मी एका सकाळी धुतली.

जेवले नाही. कुंदानं ताट झाकून ठेवलं.


२४ नोव्हें., सोम.

बेबीवन्स आल्या. त्यांना कुणी सांगितलं कळत नाही, पण त्यांना सगळं आधी कळतं.

म्हणाल्या, "वयनी, रडतेस काय? तारली आण, काप, अंगठा लाव. डाग तो डाग. तिला काय कळतंय!"

त्या म्हणाल्या, "खोटं नाय ते. मासा तोच, तेल तेच."

खरं सांगते, तारली घरात होती. कुंदानं आणलेली. मी दोनदा उठले. अंगठ्याला तेल लागलेलंच होतं, सकाळी कापली होती ना. टोपी समोर. जागा माहीत, कानाच्या वर. एवढं टेकवायचं.

आणि मग नजर कोपऱ्यात गेली, आयच्या मोरळीवर. तिच्या पाटाला डाव्या बाजूला खळगा आहे. आय पाय टेकवायची तिथं, चाळीस वर्षं. मी बसले की माझी टाच त्याच खळग्यात जाते. आयचा एक फोटो नाही आमच्याकडे. तेवढा खळगा आहे. कुणी भल्या मनानं रंधा मारून तो पाट गुळगुळीत करून दिला तर? आणि मग मला कळू नये म्हणून छिन्नीनं नवा खळगा पाडला तर?

हात धुऊन आले. साबणानं.

बेबीवन्सना म्हटलं, अंगठा माझा हाय, तिचा नाय. त्या फणकाऱ्यानं गेल्या. जाताना मात्र म्हणाल्या, "मीच मधी बोलले ना त्या दिवशी. कापराचं." आणि पदर तोंडाला लावला. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं त्यांना असं.


२५ नोव्हें., मंगळ.

डाग परत येणार नाही. पण टोपी निदान उभी राहिली पाहिजे. धुतल्यावर अशी पडलीय, ओल्या रुमालासारखी. फोटोत कशी ताठ आहे सगळ्यांची.

जुन्या तांदळाची पेज काढली, गाळून गाळून पाण्यासारखी पातळ. माझ्या बापाच्या लग्नातल्या टोपीला अशीच खळ द्यायची आय. टोपी त्यात बुडवली, उलट्या तांब्यावर बसवली. पण मागच्या बाजूला बारीक चुण्या आहेत, त्या बोटानं जमेनात. तेव्हा कुंदा उठली, केरसुणीतल्या माडाच्या काड्या आणल्या. नवीन केरसुणी, हं. धुऊन आणल्या. एक एक चुणी एकेका काडीवर चढवली. मी धरायची, ती बसवायची. दोन तास. पंचवीस वर्षांत सासू-सून दोन तास एका कामावर वाकलो नव्हतो.

सुकल्यावर काड्या ओढल्या. उभी राहिली. फोटोतल्यासारखी. फक्त डाग नाही.


२६ नोव्हें., बुध.

सायली म्हणाली, आजी, त्या येतील तेव्हा सांगू ना, समोरासमोर. म्हटलं नको. बाई इतक्या लांबून आनंदानं येईल, डबा उघडेल, आणि मग? तिला आधी कळू दे. मग यायचं की नाही ते ती ठरवेल.

फोन लावला. स्पीकरवर. लुक, सायली, मी. परत दोन खाड्या, पण आज काही सांडू दिलं नाही. मी एक एक वाक्य बोलले. टोपी मी धुतली. रिठ्यानं. लिंबू लावलं. डाग गेला. माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे कारण आहे, पण धुतली मीच.

बेबीवन्सचं नाव घेतलं नाही. सायलीचंही.

लुकनं ऐकून घेतलं. मग त्यानं आईला सांगितलं. पाठीमागे समुद्राचा आवाज येत होता फोनमध्ये.

मग तिनं एकच विचारलं. "आता कशी आहे?"

म्हटलं, ताठ आहे. पेजेची खळ दिली. चुण्या काड्यांवर बसवल्या.

फोन ठेवला लुकनं. "नंतर बोलतो," म्हणाला.


२७ नोव्हें., गुरु.

मार्गशीर्षातला गुरुवार. बाजार थंड. कुंदा लवकर घरी. फोन नाही. लुकनं सायलीला एवढंच पाठवलं की आई सकाळपासून किनाऱ्यावर चालतेय.

बायकांच्या फोटोतली मारी बघत बसले. (फोटो डब्यातच आहे.) चौदा वर्षांची पोर. मालकासमोर उभी राहिली. मी एका बाईला फोन करायला तीन दिवस लावले. कुठं ती, कुठं मी.

पण फोन केला.


२८ नोव्हें., शुक्र.

निरोप आला. लुकनं सायलीला, सायलीनं ऑफिसातून मला. बुधवारी, तीन डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता येतो. दोघंही. आईनं सांगायला सांगितलं की हिराला सांग, मी नक्की येते.

मी विचारलं, रागात म्हणाली की कसं? सायली म्हणाली, आजी, मेसेजमध्ये राग कळत नाही. खरं आहे. हिरा म्हणाली, हिराबाई नाही. ह्याचा अर्थ चांगला की वाईट, मी दुपारभर उलटसुलट करून बघितला. लागत नाही.

टोपी नेईल आणि उठून जाईल, तर तिचा हक्क आहे. बसली, तर मोरळी आयची. ती धुऊन पुसून काढून ठेवली आहे, पाट मात्र जशाचा तसा. खळग्यात टाच ठेवायची कशी ते तिला दाखवीन. कुंदाला सांगितलं, बुधवारी तारली आण, बघून आण. कुंदा म्हणाली, "आय, मला पण एकदा बसू द्याल का तुमच्या मोरळीवर?" म्हटलं, आजच बस की. बसली. तिची टाच पण बसते त्यात.

बेबीवन्स विचारून गेल्या, "बुधवारी किती वाजता?" म्हटलं अकरा. म्हणाल्या, "मी नऊला येते." येऊ दे. खुर्ची त्यांनाच.

बुधवार, ३ डिसें., स. ११. इथं मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. वाट मी सातपासून बघणार, आणि ते चार तास धरायचे.